मदत हवी आहे : मुंबईत सुती निटवेअरची एकेक नगाने जोडणी कोण करून देते?

ग्राहकाने माप आणि रंग ठरवल्यावरच कपडा विणायचा, म्हणजे न खपलेला माल साठत नाही, या पद्धतीने आम्ही दादरमध्ये कार्डिगन बनवतो. मुंबईच्या हवेत लोकर नकोशी होते, म्हणून धागा कापसाचाच आहे.

लुधियानात विचारले, तर एका रंगाची मोठी ऑर्डर मागतात. तिरुपूरचे काम मुख्यतः गोल मशीनवरच्या कापडाचे. ते कापून शिवावे लागते आणि चिंध्या निघतात, ज्या आम्हाला मुळातच टाळायच्या आहेत. म्हणून १२ गेजची, म्हणजे इंचाला १२ सुया असलेली, हाताने चालवायची फ्लॅट मशीन घेतली. तिच्यावर टाके कमी-जास्त करून पाठ, पुढा आणि बाह्या थेट आकारातच निघतात.

अडचण गळपट्टीची आहे. ती आम्ही हातसुईने जोडतो, पण कापसाच्या धाग्याला लोकरीसारखी लवचीकता नसल्यामुळे धुतल्यावर ती सैल पडते आणि खांद्याची शिवण दंडावर ओघळते. वीण घट्ट करून आणि नमुना आधी धुऊन मापे बदलून पाहिली. अंगाचा भाग सुधारला, गळा मात्र नाही. इलास्टिक धागा घालायचा नाही, कारण मिश्र धाग्याचा कपडा पुन्हा सुतात आणणे अवघड होते.

लिंकिंग मशीन, म्हणजे विणलेले भाग टाक्याला टाका जुळवून जोडणारे यंत्र, विकत घेण्याइतके काम सध्या नाही. मजुरी नगावर, कारागीर सांगतील त्या रास्त दराने देऊ. तर मुंबई, ठाणे किंवा भिवंडी परिसरात १२ गेजच्या विणीला चालेल अशा लिंकिंग मशीनवर सुटे नग जोडून देणारे कोणी आपल्या माहितीत आहे का, आणि निव्वळ सुती गळपट्टी आकार धरून राहावी यासाठी आपण स्वतः कोणता उपाय वापरला आहे?