मुलीचे टॉन्सिल मोठे, माझे दिसतही नाहीत. वयानुसार आत काय बदलतं?

ओवीची आई: मुलगी सहा वर्षांची आहे. ‘आ’ केला की दोन्ही टॉन्सिल पडजिभेपर्यंत आलेले दिसतात. ताप नाही, गिळताना दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात मोठेच असतात, पुढे आपोआप लहान होतील. मग त्यातल्या पेशी जातात कुठे? प्रतिकारशक्तीही घटते का?

जुना हिस्टो टेक्निशियन: ताई, पॅथॉलॉजीच्या स्लाइड करण्यात माझं आयुष्य गेलं. बी पेशी दाखवणारा सीडी२०, टी पेशी दाखवणारा सीडी३ हे रंग नीट चढलेत का, ते आम्ही आधी टॉन्सिलच्या तुकड्यावर बघायचो, कारण बी आणि टी या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दोन्ही त्यात ठासून भरलेल्या असतात.

टॉन्सिलला खोल फटी असतात. तोंडानाकातून आलेले जंतू तिथेच पेशींच्या हाती लागतात. लहान मुलांत बी पेशींचे मोठे गोल पुंजके दिसतात. मधल्या भागाला जर्मिनल सेंटर म्हणतात. तिथे बी पेशी झपाट्याने विभागतात, त्यातल्या जंतूला घट्ट धरणाऱ्या बी पेशी टी पेशींच्या मदतीने टिकतात, बाकीच्या तिथेच मरतात. केआय-६७ हा विभागणाऱ्या पेशी दाखवणारा रंग लावला की तो गोल तपकिरी उठून येतो. इतक्या स्लाइड पाहिल्या, तरी तो दिसला की मी थांबून बघायचोच. शाळकरी वयात नवे जंतू सतत भेटतात, म्हणून हे काम तेव्हा जोरात.

मोठेपणी पुंजके कमी आणि लहान होतात, मध्ये तंतू नि चरबी वाढते. जंतू कधी न पाहिलेल्या पेशींचं प्रमाण घटतं, ओळख ठेवणाऱ्या मेमरी पेशींचं वाढतं. तुमच्या बालपणी तयार झालेल्या अशा पेशी रक्तात आणि इतर लसिकाग्रंथींतही फिरतात, अँटिबॉडी बनवणाऱ्या काही अस्थिमज्जेत मुक्काम करतात. त्यामुळे टॉन्सिल आक्रसले म्हणून तुम्ही उघड्यावर पडला नाहीत.

कोथरूडकर: आमच्या मुलाचे काढले. वर्षात सातदा घसा धरला, तेव्हा डॉक्टरांनी विषय काढला. दोन वर्षं सलग पाच-पाचदा किंवा तीन वर्षं तीन-तीनदा झालं तरी विचार करतात म्हणे.

ओवीची आई: इतकं नाही होत. पण रात्री घोरते.

जुना हिस्टो टेक्निशियन: मग हे डॉक्टरांना नक्की सांगा. झोपेत श्वास मध्येच अडतो का, तोंड उघडं ठेवून झोपते का, बघा. जमल्यास मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. नुसत्या आकारावरून काढत नाहीत, पण श्वास अडत असेल तर ‘लहान होतील’ म्हणून वाट बघू नका.