मालकांच्या बाजूने कामगार कायद्याची वकिली: या वाटेने जावे का?

सातपूरकर:
मी यंदा नाशिकमधून एलएल.बी. पूर्ण केले असून सनदही मिळाली आहे. पुण्यातील एका ज्येष्ठ वकिलांकडे कनिष्ठ म्हणून रुजू होण्याची संधी आहे, मात्र त्यांचे जवळपास सर्व काम कारखान्यांच्या व्यवस्थापनाच्या बाजूचे आहे. माझे वडील कारखान्यात कामगार होते आणि युनियनमध्ये सक्रिय होते, त्यामुळे घरात या प्रस्तावाचे फारसे स्वागत झालेले नाही. या वकिलीत प्रत्यक्ष काम काय असते, कामगारांना काढून टाकण्याची कागदपत्रे रंगवण्यापलीकडे त्यात काही आहे का, आणि नव्या श्रम संहितांनंतर (जुने केंद्रीय कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार नव्या कायद्यांनंतर) हे क्षेत्र टिकेल का, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

चौथीअनुसूची:
मी बरीच वर्षे याच बाजूने काम करतो. बाहेरून पाहणाऱ्याला आमचे काम कामगार न्यायालयात दिसते. पण ज्या दिवशी प्रकरण तिथे पोहोचते, त्या दिवशी त्याचा निकाल बहुतांशी आधीच्या कागदांवर ठरून गेलेला असतो. व्यवस्थापनाने कामगाराला दिलेल्या आरोपपत्रात गैरवर्तनाचा दिनांक, वेळ आणि तपशील आहे का, कारखान्यातील खात्यांतर्गत चौकशीचा अधिकारी त्याच घटनेचा साक्षीदार तर नाही ना, कामगाराला उलटतपासणीची खरी संधी मिळाली का, निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता वेळेवर दिला का (पहिले 90 दिवस निम्मा, त्यानंतर विलंब कामगारामुळे झालेला नसेल तर 75 टक्के), हे सारे पाहणे म्हणजेच आमची वकिली. संतापलेला कारखानदार संध्याकाळी फोन करून "उद्या सकाळी त्याला गेटवर अडवतो" असे म्हणतो, तेव्हा तसे करू नका हे त्याला पटवून देणारा वकील कोणत्याही युक्तिवादापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

याचे कारण महाराष्ट्रात विशेष ठळक आहे. आपल्याकडील 1971 च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यानुसार, ज्याला सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात, कामगाराला सरकारच्या संदर्भादेशाची (वाद न्यायालयाकडे पाठवण्याच्या आदेशाची) वाट न पाहता थेट तक्रार करता येते आणि अंतरिम आदेशही मागता येतो. चौथ्या अनुसूचीतील पहिली नोंद घाईने केलेली चौकशी, सूडबुद्धीची बडतर्फी आणि किरकोळ चुकीसाठी दिलेली धक्कादायक इतकी विषम शिक्षा यांना अनुचित प्रथा ठरवते. शिवाय दीपाली गुंडू सुरवसे प्रकरणातील 2013 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, बडतर्फी बेकायदेशीर ठरल्यास सेवासातत्य (मधला काळही नोकरीत धरणे) आणि मागील पगार हा सर्वसाधारण नियम आहे. खटला आठ-दहा वर्षे रेंगाळला, तर ही रक्कम मालकाच्या छातीत धडकी भरवते. त्याला तो आकडा पहिल्याच भेटीत सांगावा.

चाकण_आयआर:
वकील नेमणाऱ्याच्या बाजूने लिहितो. मी एका कारखान्यात औद्योगिक संबंध विभाग सांभाळतो. आम्हाला कायदा पाठ असलेला वकील सहज मिळतो. शॉपफ्लोअर समजणारा मात्र अवघड. तीन पाळ्यांत काम कसे चालते, पगारवाढीच्या करारात युनियन नेमकी कशावर अडते, कंत्राटी कामगारांची हजेरी प्रत्यक्षात कोण ठेवते, हे ज्याला माहीत नाही त्याचा सल्ला कागदावरच राहतो. परळच्या नारायण मेघाजी लोखंडे श्रम विज्ञान संस्थेतील अभ्यासक्रम किंवा पुणे विद्यापीठाची कामगार कायद्याची पदविका केलेली व्यक्ती आमच्याशी लवकर जुळते. अलीकडे कामाचा मोठा भाग लैंगिक छळाच्या तक्रारींचाही असतो. तिथे अंतर्गत समितीपुढे कोणत्याही पक्षाला वकील आणता येत नाही, त्यामुळे समितीला कार्यपद्धतीचे प्रशिक्षण देणे आणि तिच्या निर्णयात ढवळाढवळ न करणे, ही तारेवरची कसरत सल्लागाराला करावी लागते.

ठाणे_कामगारवकील:
मी समोरच्या बाजूने उभा राहतो, म्हणून माझे मत थोडे तिखट वाटेल. चौथीअनुसूची यांनी काढलेले चित्र चांगल्या वकिलांचे आहे. तारखा लांबवून कामगाराला उपासमारीने तडजोडीला आणणारेही मी पाहिले आहेत, आणि कनिष्ठांना पहिले शिक्षण त्याचेच मिळते. सातपूरकर, ज्यांच्याकडे जाणार आहात ते तडजोड कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या रकमेला सुचवतात, हे आधी चार जणांना विचारा. नैतिकतेचा प्रश्न मालक की कामगार यापेक्षा तिथे जास्त आहे.

कौशल्याविषयी एकच सांगतो. खात्यांतर्गत चौकशी सदोष ठरून निकाल आमच्या बाजूने लागला, तरी मालकाला न्यायालयासमोर नव्याने पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करता येते. मात्र लक्ष्मीदेवम्मा प्रकरणात 2001 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिलेल्या निर्णयानुसार ती मागणी साधारणतः कैफियतीतच (मालकाच्या लेखी उत्तरातच) करावी लागते. ती ओळ लिहायला विसरलेल्या वकिलांमुळे आम्ही प्रकरणे जिंकलेली आहेत.

सातपूरकर:
सर्वांचे आभार. संहितांविषयी मात्र कोणी लिहिले नाही.

चौथीअनुसूची:
21 नोव्हेंबर 2025 पासून चारही संहिता अमलात आल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेने औद्योगिक विवाद, कामगार संघटना आणि स्थायी आदेश (कारखान्यातील सेवाशर्तींचे नियम) यांविषयीचे तीन केंद्रीय कायदे एकत्र केले. एमआरटीयू-पल्प हा राज्याचा कायदा त्या तिघांत नाही, आणि दोन्हींचा मेळ कसा घालायचा यावर पुढची काही वर्षे युक्तिवाद चालतील. कारखान्यांत कामगार कपातीसाठी पूर्वपरवानगीची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर गेली, आणि बडतर्फ कामगाराला थेट न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली. संहिता लागू झाल्यापासून आमच्याकडे विचारणा वाढली आहे, कारण प्रत्येक कारखान्याला आपली नियुक्तिपत्रे आणि पगाराची रचना पुन्हा तपासावी लागत आहे. रुजू व्हाल तेव्हा पहिले सहा महिने कोर्टात बसण्याऐवजी खात्यांतर्गत चौकश्यांना जाऊ द्या, असे तुमच्या ज्येष्ठांना सांगा.