ग्राहकसेवेतली नोकरी: नेमकं काय यायला लागतं आणि निवड कशावर होते? (अनुभव धागा)

उंबरठा

माझ्या भाचीने ग्राहकसेवेतल्या काही जागांसाठी अर्ज केलेत. जाहिराती वाचल्या तर सगळीकडे एकच मजकूर: उत्तम संवादकौशल्य, संयम, दबावाखाली काम करण्याची तयारी. यातून पोरीने तयारी काय करायची? संयम तर अर्जात कुणीही लिहील.

ज्यांनी हे काम केलंय, करताहेत किंवा या कामासाठी माणसं निवडताहेत, त्यांनी कृपया लिहा. फोन, चॅट, काउंटर, काहीही चालेल. कंपनीची नावं नकोत. आणि 'गोड बोलावं' एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या, ते तिच्या आजीने सांगून झालंय.

कानसेन

बरेच वर्षं फोनवर काढली, आता नव्या मुलांना शिकवतो. फोनवर सगळ्यात अवघड काय असेल तर गप्प बसणं. रागावलेला माणूस बोलायला लागला की नवीन मुलगा मध्येच तोंड घालतो, कारण उत्तर त्याला माहीत असतं. गिऱ्हाईक मग पहिल्यापासून सुरू करतं, आवाज आणखी एक पट्टी वर. तेच त्याला मिनिटभर बोलू दिलं की बहुतेकांची वाफ आपोआप निघून जाते.

मशीन बंद पडलंय म्हणून फोन आला, तर नवशिका लगेच सांगतो, 'बंद करून परत चालू करा.' मुरलेला माणूस आधी विचारतो, 'कधीपासून बंद आहे? दिवा लागतोय का? आणि आतापर्यंत तुम्ही काय काय करून पाहिलंत?' हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. त्या बिचाऱ्याने बटण आधीच चारदा दाबलेलं असतं, आणि तेच पाचव्यांदा करायला सांगितलं की त्याचं डोकं फिरतं.

दुसरं म्हणजे शांतता. तुम्ही स्क्रीनवर शोधताय हे पलीकडच्याला दिसत नाही, त्याला वाटतं फोन कटला. म्हणून बोलून दाखवायचं: 'तुमच्या जुन्या नोंदी उघडतोय, दोनेक मिनिटं लागतील. थांबता, की मी परत फोन करू?' होल्डवर टाकायचं तर विचारून टाकायचं, आणि सांगितलेल्या वेळेत परत यायचं, उत्तर मिळालेलं नसलं तरीही.

आकड्यांचंही सांगतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनवर सारखेच ऐकू येतात. पाच-नऊ, सहा-नऊ असे सुटे अंक म्हणा आणि समोरच्याकडून वदवून घ्या. चुकीच्या नंबरमुळे वाढलेल्या तक्रारी मी इतक्या पाहिल्यात की यावर वेगळा धागा निघेल.

टंकलिपी

माझं काम चॅटवर. कुणी ओरडत नाही म्हणून सोपं वाटतं, पण एका वेळी दोन-तीन खिडक्या उघड्या असतात. एकाला पार्सल मिळालेलं नाही, दुसऱ्याचा पासवर्ड चालत नाही, तिसरा नुसता 'हॅलो???' टाकतोय. टायपिंगचा वेग अनेक ठिकाणी मिनिटाला ३०-४० शब्द मागतात. तो सरावाने येतो. खरी गोष्ट अचूकपणाची. तयार उत्तरं चिकटवताना एकाचं नाव दुसऱ्याच्या खिडकीत गेलं की पुढे कितीही नीट लिहा, विश्वास गेलेला असतो.

माझा नियम: एका मेसेजमध्ये एकच प्रश्न. तीन विचारले तर उत्तर एकाचंच येतं, आणि तेही आपल्याला नको असलेल्याचं.

नवशिका

छान धागा. एक शंका, पदवी लागतेच का? आणि इंग्रजी फाडफाड नसेल तर सरळ बाद करतात का?

पलीकडचीखुर्ची

मी मुलाखती घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवशिका, पदवीची अट जागेवर अवलंबून असते. बऱ्याच सुरुवातीच्या जागांना ती लागत नाही. आणि ज्या भाषेत काम करायचंय ती स्वच्छ आली पाहिजे. फाडफाड बोलणारे तर आम्हाला थोडे नकोच असतात, त्यांना ऐकायचा कंटाळा असतो. उच्चारापेक्षा मी हे बघते की माझा प्रश्न कळला नाही तेव्हा उमेदवार 'पुन्हा सांगाल का?' म्हणतो, की अंदाजाने काहीतरी ठोकून देतो. ठोकून देणारा गिऱ्हाइकालाही तसंच ठोकून देणार.

आमच्याकडे खोटा कॉल असतो. मी चिडलेली ग्राहक होते आणि नियमात न बसणारी गोष्ट मागते. समजा, वस्तू परत करायची मुदत संपून गेलीये आणि मला पैसे परत हवेत. यात बहुतेक जण दोन बाजूंनी घसरतात. काही जण मला शांत करायला 'होईल मॅडम, मी बघतो' म्हणून वचन देऊन बसतात. काही जण 'नियमच आहे, मी काही करू शकत नाही' म्हणून दार लावतात. मला हवा असतो तो उमेदवार आधी विचारतो की वस्तूला झालंय काय. मग मुदत संपल्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत हे स्पष्ट सांगतो, 'बघू', 'प्रयत्न करतो' न करता. आणि लगेच जे शक्य आहे ते पुढे ठेवतो: दुरुस्ती, वॉरंटी, वरिष्ठांकडे लेखी विनंती आणि उत्तर कधीपर्यंत येईल ते. मी त्यावरही चिडलेलीच राहते, मुद्दाम. ग्राहक खूश झाला नाही म्हणून आम्ही कुणाला नापास करत नाही, हे उमेदवारांना माहीत नसतं आणि ते शेवटी हात टेकून वचन देतात.

'कठीण ग्राहकाचा एखादा प्रसंग सांगा' हा प्रश्न येतोच येतो. त्यासाठी प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम असा क्रम शिकवतात, इंग्रजी अद्याक्षरांवरून त्याला 'स्टार' म्हणतात. चांगला आहे, पण लोक प्रसंगातच पाच मिनिटं घालवतात आणि कृती 'मग मी त्यांना समजावलं' एवढ्यावर आटोपतात. समजावलं म्हणजे काय बोललात? ते वाक्य सांगा ना. मला तेवढंच ऐकायचं असतं.

अनुभव नाही असं म्हणू नका. ग्रंथालयाच्या टेबलावर बसला असाल, एखाद्या कार्यक्रमाची नोंदणी सांभाळली असेल, नातेवाइकांना ऑनलाइन फॉर्म भरून दिले असतील, तर तेही सेवेचंच काम आहे. बायोडेटात 'टीम प्लेअर, मेहनती' लिहिण्यापेक्षा ते लिहा.

आणि कुणी प्रशिक्षणाचे, गणवेशाचे किंवा 'परत मिळणाऱ्या' अनामतीचे पैसे आधी मागितले तर तिथून उठून या. माणूस हवा असलेली जागा माणसाकडूनच पैसे घेत नाही.

आकडेमोडे

मी कॉल घेत नाही, पाळ्या लावतो. सगळ्यांच्या शिव्या खाणारा तो मीच. :)

ब्रेकवरून पाच मिनिटं उशिरा आलं तर एवढा गहजब का, हे नव्यांना कळत नाही. यामागचं गणित जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर एर्लांग यांनी १९०९ साली फोनच्या रांगांवर पहिला लेख लिहिला आणि १९१७ मध्ये त्यांची सूत्रं आली. कॉल सेंटरमध्ये किती माणसं बसवायची हे आजही त्याच घराण्यातल्या सूत्रांनी काढतात. त्यातून दिसतं ते असं: सगळे जवळजवळ पूर्ण वेळ गुंतलेले असताना एक माणूस कमी झाला, की रांग थोडीशी वाढत नाही, एकदम फुगते. मग ८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलायचे हे सर्रास ठेवलं जाणारं उद्दिष्ट दुपारभर कोलमडतं. म्हणून निवडताना वेळ पाळण्याबद्दल इतकं खोदून विचारतात.

मुलाखतीत तुम्हीही विचारा की तुमचं मोजमाप कशावर होणार. एएचटी म्हणजे एका कॉलला सरासरी लागणारा वेळ. त्यात बोलणं, होल्ड आणि नंतरची नोंद, सगळं येतं. एफसीआर म्हणजे पहिल्याच फटक्यात किती जणांचं काम झालं. फक्त एएचटीवर पगारवाढ असेल तर तिथे लोक कॉल गुंडाळतात आणि तेच गिऱ्हाईक उद्या परत येतं. एनपीएस हे प्रकरण २००३ पासूनचं, फ्रेड रायकहेल्ड यांनी मांडलेलं. 'आमची शिफारस कराल का, ० ते १०?' यात ९ आणि १० हेच चांगले धरतात, ७-८ जमेत नाहीत आणि ६ पर्यंतचे सगळे विरोधात. दहापैकी सहा दिले म्हणजे आपण बऱ्यापैकी दिले, असं समजणारा सज्जन तुमचा आकडा खाली ओढून जातो. मनाला लावून घेऊ नका.

दुसरीपायरी

खालच्या फळीला न सुटलेल्या तक्रारी माझ्याकडे येतात. वरती सगळे बोलण्याबद्दल लिहिताहेत. मला विचाराल तर लिहिणं हे अर्धं काम आहे.

माझ्याकडे येणारी नोंद बहुधा अशी असते: 'ग्राहक खूप रागावले आहेत. कृपया लवकर बघावे.' आता याचं मी काय करू? परत त्याच माणसाला फोन करून पुराण पहिल्यापासून ऐकायचं, आणि त्यानेही ते चौथ्यांदा सांगायचं.

चांगली नोंद अशी: '१२ तारखेला बदली भाग पाठवला, १५ला पोचला, बसत नाही. आपल्याकडे मॉडेल क्रमांक चुकीचा नोंदला होता, दुरुस्त केला. योग्य भाग आज मागवला. गुरुवारी दुपारी फोन करण्याचं कबूल केलंय. सकाळी फोन नको, ते पाळीवर असतात.' पाच-सहा ओळी. ही नोंद लिहिणाऱ्या मुलीला मी कधी भेटलो नव्हतो, पण आमच्या गटात जागा निघाल्यावर तिचं नाव मीच सुचवलं. बढती अशीही मिळते.

कानसेन

दुसरीपायरी, +१. 'ग्राहक रागावले आहेत' यावर बंदीच घातली पाहिजे.

काउंटरमागून

समोरासमोरच्या कामाचं कुणीच लिहिलं नाही. इथे तुमचे हात, डोळे, चेहरा सगळं दिसतं. रांगेतला पहिला माणूस तुमच्याशी बोलतो, पण दुसरा आणि तिसरा तुमचं परीक्षण करत असतात. मान वर करून दुसऱ्याला 'यांचं झालं की तुमचंच' एवढं म्हटलं की पुढची दहा मिनिटं तो उभा राहतो. नाहीतर त्याच्या सुस्काऱ्यांनी पहिल्याचंही धड होत नाही.

ऐकू कमी येणारे लोक रोज येतात. जोरात ओरडू नका, त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोला आणि आकडा कागदावर लिहून द्या. आम्हाला हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

रात्रपाळी

थोडं कडू लिहिते. मी हे काम सोडलं आणि सोडल्याचा पश्चात्ताप नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी विमानातल्या सेविका आणि थकबाकी वसूल करणारे यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. चेहऱ्यावर आणि आवाजात ठरावीक भावना ठेवणं हाच नोकरीचा भाग असतो, आणि त्याने माणूस थकतो. ते वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. घरी येऊन कुणाशी बोलावंसं वाटत नसे आणि मी समजत होते की माझाच स्वभाव बिघडला.

म्हणून मुलाखतीत एक जरूर विचारा: शिवीगाळ झाली तर कॉल बंद करायची मुभा आहे का? चांगल्या ठिकाणी ठरलेली पद्धत असते. एकदा बजावायचं, पुन्हा झालं तर फोन ठेवायचा आणि नोंद करायची. जिथे 'आम्ही ग्राहकाला देव मानतो' असं गुळमुळीत उत्तर मिळालं, तिथे काय होणार ते समजून घ्या.

हेडफोनचा आवाज जरा कमीच ठेवा, जवळ पाणी ठेवा. घसा बसला की बोलून बोलून तो बरा होत नाही.

पलीकडचीखुर्ची

रात्रपाळी, हा प्रश्न उमेदवाराने विचारला तर मला आवडतो. काही मुलाखतकारांना नाही आवडत, हेही खरं.

उंबरठा

किती छान लिहिताय सगळे! भाचीने शेजारी बसून वाचलं. तिचा प्रश्न: चॅटबॉट आल्यावर या नोकऱ्या राहणार का?

टंकलिपी

आमच्याकडे 'माझं पार्सल कुठे आहे' छापाचे प्रश्न बॉट घेतो. माणसाकडे उरतं ते गुंतागुंतीचं, आणि बॉटशी झटापट करून आधीच तापलेलं गिऱ्हाईक. त्यामुळे पाठ केलेली उत्तरं म्हणणाऱ्याचं अवघड आहे. चार ठिकाणची माहिती जुळवून 'तुमचं इथे अडकलंय' सांगणारा अजून तरी लागतोय. पुढचं मी छातीठोक सांगणार नाही.

दुसरीपायरी

भाचीसाठी आणखी एक, कारण खोट्या कॉलमध्ये हा सापळा हमखास लावतात. फोनवरचा माणूस म्हणतो, 'खातं बायकोच्या नावावर आहे, मी तिचा नवराच बोलतोय, ती आजारी आहे, फक्त पत्ता बदलून द्या.' आवाज काकुळतीचा, गोष्ट खरीही असेल. तरी ओळख पटवल्याशिवाय खात्यातलं काहीही सांगायचं किंवा बदलायचं नाही. त्या बाई फोनवर येऊ शकतील का विचारा, नसतील तर अधिकृत परवानगीची जी पद्धत असेल ती सांगा. कुणी आपणहून कार्डामागचा तीन आकडी सीव्हीव्ही सांगायला लागलं तर तिथेच थांबवा, आणि तो कुठेही लिहून ठेवू नका. मदत करायच्या उत्साहात भलेभले उमेदवार इथेच पडतात.

पलीकडचीखुर्ची

अगदी. आणि पडल्यावर आम्ही कारण सांगत नाही, त्यामुळे तीच मुलं पुढच्या ठिकाणीही तिथेच पडतात. उंबरठा, भाचीला घरात कुणाला तरी नवरा करून दोनदा सराव करायला लावा. नवऱ्याचं काम करणाऱ्याने अजिबात दयामाया दाखवू नये.