मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात सोनेरी क्रीपिंग जेनी करपते आहे, आईच्या वाटेसाठी ती हवी आहे

नमस्कार. प्रश्न बागेचा आहे, पण घरातलं थोडं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

आईच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. समोरचं धूसर दिसतं, कडेकडेचं बऱ्यापैकी. फाटकापासून ओट्यापर्यंत आमची शहाबादी फरशीची वाट आहे, २० फुटांची. सकाळी सहाला आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आई तिथे एकटी फेऱ्या मारते. कुणाचा हात धरलेला तिला चालत नाही. फरशी करडी, शेजारची माती काळी, त्यामुळे वाट कुठे संपते ते तिला कळत नव्हतं. दिवाळीनंतर एकदा पाय मातीत गेला आणि ती पडली. मनगट मुरगळण्यावर निभावलं.

त्याच आठवड्यात नर्सरीत ही सोनेरी क्रीपिंग जेनी दिसली. २४ रोपं आणली आणि वाटेच्या कडेनं फूटभर रुंदीच्या पट्ट्यात लावली. थंडीत काय पसरली म्हणून सांगू! फांदीचं जे पेर मातीला टेकेल त्याला मुळं फुटतात. संक्रांतीपर्यंत माती दिसेनाशी झाली. नाण्यासारखी गोल पिवळी पानं, उंची जेमतेम दोन बोटं. आईला कड दिसायला लागली. "हळद सांडल्यासारखं दिसतं गं," म्हणाली. फरशीवर येणारे शेंडे तिच्या पायात अडकू नयेत म्हणून मी दर आठ-दहा दिवसांनी कात्रीनं कापत होते, एवढीच काय ती मेहनत.

होळीनंतर बिघडलं. आधी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग मधले मधले तुकडे कागदासारखे वाळले. मी पाणी वाढवलं. सकाळी नळाचं, आणि संध्याकाळी कूलरच्या टाकीत उरलेलं, वाया जाऊ नये म्हणून. आता मे सुरू झालाय. वरची पानं करपलेली आणि खालचे देठ काळे, लिबलिबीत. वाटेवर दुपारी एकपासून पाचपर्यंत सरळ ऊन येतं. पेरूच्या झाडाखालचा चार-पाच फुटांचा तुकडा तेवढा जिवंत आहे, पण तो पोपटी हिरवा झालाय आणि आईला दिसत नाही. म्हणजे ऊन दिलं तर मरते, सावली दिली तर जगते पण सोनं जातं.

रोपाच्या चिठ्ठीवर "फुल सन" लिहिलं होतं. मग चुकलं कुठे? ही वाचेल का? आणि वाचणार नसेल तर दुसरं काय लावू? फूल नव्हे, पानच पिवळं हवं. ऑफिस टाइम सुचवू नका, कारण आईच्या फेरीच्या वेळी त्याची फुलं मिटलेली असतात. उंची सहा इंचांच्या वर नको, काटा नको.

काळी_माती

ताई, ती चिठ्ठी खोटी नाही, पण ती इथल्या उन्हासाठी लिहिलेली नाही. हे झाड युरोपातलं, ओढ्याकाठच्या ओलसर कुरणातलं. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं या सोनेरी जातीला पुरस्कार दिलेला आहे, तिकडे दिवसभराचं ऊन तिला मानवतं. आपल्याकडे २०१३ च्या २३ मेला पारा ४७.९ वर गेला होता. तिथलं ऊन आणि आपलं ऊन एक नाही.

पण तुमची जेनी फक्त उन्हानं गेलेली नाही. दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत, त्याच मला मुख्य वाटतात.

पहिली, कूलरचं पाणी. कूलर दिवसभर पाण्याची वाफ करतो, क्षार मात्र टाकीतच राहतात. आपण वरून भरत राहतो आणि पाणी जास्त जास्त खारट होत जातं. टाकीच्या कडेला, वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो तो हाच. ते पाणी रोज एकाच पट्ट्यात गेलं की क्षार मुळांशी साठतात. पानाची कड आधी जळणं ही त्याची खूण आहे. आजपासून बंद करा, आणि एकदा साध्या पाण्यानं पट्टा भरपूर धुऊन काढा, तळापर्यंत मुरेल असं.

दुसरी, माती. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. मुळांना हवा मिळत नाही, त्यात माती तापलेली, मग देठ सडणारच. जेनीला ओल आवडते हे खरं, पण गरम चिखल नाही. तुम्ही करपलेलं पाहून पाणी वाढवलंत आणि सड वाढली. दोष तुमचा नाही, वरून दोन्ही सारखंच दिसतं.

पेरूखालचा तुकडा हे तुमचं बियाणं समजा. नवतपा लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आधी, त्यातल्या चार-चार इंचांच्या काड्या काढून कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या उथळ ट्रेमध्ये आडव्या दाबा. ट्रे सकाळचंच ऊन लागेल अशा जागी ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतील. पाऊस स्थिरावला की पट्टा सहा इंच उंच करून, शेणखत घालून, पुन्हा लावा.

सांदवाडी

आमच्याकडं बी हेच झालं होतं. मी सगळं उपटून वेडेलिया लावला. उन्हाची पर्वा नाही, पाणी नाही दिलं तरी पसरून राहिला आहे. पिवळी फुलं बारा महिने. काड्या पाहिजे असतील तर घेऊन जा.

काळी_माती

दादा, तुमचा हात मोठा आहे, पण या वाटेवर वेडेलिया नको. पान हिरवंच, उंची फूटभर जाते, आणि लांब दोरासारख्या फांद्या फरशीवर येतात. आईंच्या पायात तेच अडकेल. शिवाय जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत तो आहे. नाल्याकाठी एकदा शिरला की दुसरं काही उगवू देत नाही. छाटलेल्या काड्याही कृपा करून उघड्यावर टाकू नका.

सांदवाडी

हे माहीत नव्हतं. आमच्या मागून नालाच जातो. उद्याच पाहतो तिकडं काही गेलं का ते.

गच्चीवरची_बाग

ताई, पिवळी अल्टरनँथेरा पाहिली का? बागांच्या वाफ्यांना कडेनं लावतात ती. पान पिवळं, आणि उन्हात रंग उलट चांगला चढतो. मूळ अमेरिकेतल्या उष्ण भागातली असल्यानं आपला उन्हाळा पाण्यावर काढते. थंडीत वाढ मंदावते, पण तेव्हा तुमची जेनी जोरात असेल. छाटली नाही तर उंच होते. दर दोन-तीन आठवड्यांनी कात्री चालवली तर चार-पाच इंचांवर दाट राहते. जेनीसारखी लोळत नाही, म्हणून फरशीवर येण्याची भीतीही कमी. गोल्डन सेडमही दिसेल नर्सरीत, पण आषाढाच्या झडीत काळ्या मातीत ते सडतं, कुंडीतच ठीक.

आणि एक. रोपं धरेपर्यंत दोन महिने आई कशाच्या आधारानं चालणार? फरशीच्या कडेला आजच पिवळ्या ऑइलपेंटचा चार इंची पट्टा ओढून घ्या. दोन्ही कडांना.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी लिहिते आहे.

रंगाचा पट्टा दुसऱ्याच दिवशी ओढला. हे मला सुचायला हवं होतं. मी झाडातच अडकले होते आणि ती रोज पडायच्या भीतीनं चालत होती. रंगात थोडी बारीक वाळू मिसळली, पावसात पाय घसरू नये म्हणून. आई आता दोन्ही बाजूंनी मोजून पावलं टाकते.

कूलरचं पाणी बंद केलं. टाकी रिकामी करून पाहिली तर तळाला बोटभर पांढरा थर होता. इतके दिवस तेच मी झाडाला पाजत होते. तीन ट्रे भरून काड्या लावल्या आहेत, त्यातल्या दोन ट्रेना नवी पानं आली. तिसरा कूलरच्या खिडकीशी ठेवला होता, तिथल्या गरम झळीनं गेला.

पावसाळ्यात असं करणार आहे: पट्टा उंच करून फरशीकडच्या अर्ध्या फुटात अल्टरनँथेरा, तिच्या मागे जेनी. उन्हाळ्यात मागची झोपली तरी पुढची कड पिवळी राहील. जेनीवर मार्च ते जून हिरवी नेट बांधेन. रंग उतरला तर उतरू दे.

एक अडचण आहे. तीन नर्सऱ्या फिरले, लाल अल्टरनँथेरा ढीगभर, पिवळी कुठेच नाही. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला या भागात कुणाकडे ती असेल आणि छाटणी होणार असेल तर काड्या टाकू नका. कळवा, मी स्वतः घ्यायला येईन. बदल्यात जेनीचा मुळं धरलेला ट्रे देते.