जुना पीएच.डी. प्रबंध ऑनलाइन कसा शोधावा? हाती फक्त आडनाव आणि साल आहे

सहाठिपके

मी दृष्टिहीन मुलांना शिकवते आणि सोबत शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते आहे. विषय ब्रेल वाचनाचा वेग. मूल वाचताना कुठे अडखळतं हे मोजायचं तर सगळ्यांना एकाच तोलाचे उतारे द्यावे लागतात. मराठीसाठी असे पारखून घेतलेले उतारे मला अजून कुठे मिळालेले नाहीत. एका जुन्या लेखाच्या तळटीपेत मात्र एक उल्लेख सापडला. संशोधकाचं आडनाव, ऐंशीच्या दशकातलं एक साल आणि पुढे ‘अप्रकाशित पीएच.डी. प्रबंध’, बस. शीर्षक नाही, विद्यापीठ नाही. लेखात म्हटलंय की उतारे त्या प्रबंधाच्या परिशिष्टात दिले आहेत.

तीन आठवडे झाले, रोज रात्री शोधते. आडनाव टाकलं की शेकडो नावं येतात. ‘ब्रेल वाचन’ असं मराठीत टाकलं की काहीच येत नाही. इंग्रजीत टाकलं तर मोजके प्रबंध येतात, पण सगळे अलीकडचे. एकदा गूगलवरून शोधगंगेवरची (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) ‘प्रकरण २’ अशी सुटी पीडीएफ उघडली. मजकूर थेट माझ्या विषयाचा होता, पण तो कोणाच्या प्रबंधातला हे त्या पानांवर कुठेच नव्हतं.

मी चुकीच्या ठिकाणी शोधतेय की चुकीच्या पद्धतीने? आणि नाहीच सापडला तर तो प्रबंध आता उपलब्ध नाही असं धरून चालू का? उतारे नव्याने तयार करायचे तर एक वर्ष जाईल. वर्षाचं तितकं नाही, पण कुणीतरी मुलांजवळ बसून, एकेक शब्द पारखून हे काम आधी केलंय. ते असं बाजूला टाकणं मनाला पटत नाही.

पहाटवाचक

सुट्या पीडीएफचं कोडं आधी सोडवू. शोधगंगेवर प्रबंध एकसंध नसतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्रं, प्रत्येक प्रकरण, संदर्भसूची, परिशिष्टं अशा वेगवेगळ्या फाइली असतात आणि गूगल त्यातली एखादीच समोर आणतं. ती उघडल्यावर वरचा पत्ता नीट पाहा. त्यात १०६०३, मग तिरकी रेघ, मग आणखी एक आकडा दिसेल. १०६०३ ही शोधगंगेची खूण आणि पुढचा आकडा त्या प्रबंधाचा. पत्त्यात ‘बिटस्ट्रीम’ हा शब्द असेल तिथे ‘हँडल’ लिहा, प्रबंधाच्या आकड्यानंतरचं सगळं खोडा आणि एंटर दाबा. पूर्ण नोंद उघडते. संशोधक, मार्गदर्शक, विद्यापीठ आणि बाकीच्या सगळ्या फाइली तिथे मिळतील. शोधगंगा डीस्पेस या प्रणालीवर चालते आणि जगातली कितीतरी विद्यापीठं हीच वापरतात. त्यामुळे ही युक्ती जुन्या घडणीच्या इतर संग्रहांतही चालते. तो हँडलचा पत्ताच जपून ठेवा, टिकणारा पत्ता तोच.

गूगलवर शोधताना शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत टाका आणि शोध एकाच संकेतस्थळापुरता मर्यादित करा. माझे निम्मे संदर्भ असेच मिळाले.

दाखलनोंद

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी सव्वीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात काढली, त्यातली शेवटची सात प्रबंधांच्या विभागात. प्रबंधांच्या नोंदी संगणकावर चढवण्याचं काम मी स्वतः केलंय. तेव्हा पलीकडच्या टेबलावरून ही गोष्ट कशी दिसते ते सांगते.

तुम्ही शोधखिडकीत शब्द टाकता तेव्हा बहुतेक ठिकाणी प्रबंधाचा मजकूर शोधला जात नाही, त्याची नोंद शोधली जाते. शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विभाग, साल आणि चार-पाच विषयशब्द, एवढीच ती नोंद. ती कुणीतरी माणसाने टंकलेली असते. आमच्याकडे दिवसाला ठरावीक नोंदी पुऱ्या कराव्या लागत. गोषवारा वाचायला वेळ मिळत नसे, म्हणून कितीतरी प्रबंधांना मी ‘शिक्षण’ एवढा एकच विषयशब्द दिला. त्यातला एखादा प्रबंध आज कुणाला हवा असेल आणि मिळत नसेल, तर तो माझ्यामुळे मिळत नाही. निवृत्त झाले तरी हे मनातून जात नाही.

म्हणून आधी शब्दांकडे वळा. तुम्ही आज ‘दृष्टिहीन’ लिहिता. सरकारी कागदांत गेल्या काही वर्षांपासून ‘दिव्यांग’ असतं, मधल्या काळात ‘दृष्टिबाधित’ आणि त्याआधी सरळ ‘अंध’. इंग्रजीतही तसंच. आता ‘व्हिज्युअली इम्पेअर्ड’ म्हणतात, पण ऐंशीच्या दशकात ‘व्हिज्युअली हँडिकॅप्ड’ रूढ होतं. देहरादूनच्या राष्ट्रीय संस्थेच्या नावातही हाच शब्द होता. आज आपण तो वापरणार नाही, पण त्या काळचा संशोधक शीर्षकात तोच लिहिणार. प्रबंध ज्या सालचा, त्या सालची भाषा शोधखिडकीत घाला. ‘ब्रेल’ हा शब्द शीर्षकात असेलच असंही नाही. ‘वाचनक्षमता’, ‘स्पर्शवाचन’, ‘मूकवाचन’ हेही करून पाहा.

दुसरी अडचण लिपीची. मराठी प्रबंधाचं शीर्षक नोंदीत कधी देवनागरीत असतं, कधी इंग्रजी भाषांतरात आणि कधी मराठीच पण रोमन अक्षरांत. रोमनमध्ये ‘दृष्टी’ हा शब्द लिहिण्याच्या निदान चार तऱ्हा मी पाहिल्यात. कुणी ‘दृ’साठी आर-आय लिहितं, कुणी आर-यू, कुणी शेवटी दोन ई जोडतं. सगळ्या टाकून पाहाव्या लागतात, त्याला इलाज नाही.

आणि मजकुरात शोधायला गेलात तर टंकाची, म्हणजे फाँटची, भिंत आडवी येते. युनिकोड रुळण्याआधीचे प्रबंध श्री-लिपीसारख्या टंकांत छापलेले आहेत. डोळ्यांना ते चोख मराठी दिसतं, पण पीडीएफमधून एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ उतरतो. संगणकाच्या दृष्टीने त्या फाइलीत ‘ब्रेल’ हा शब्दच नाही. ऐंशीच्या दशकातला प्रबंध तर टंकलेखन यंत्रावरचा असणार, म्हणजे स्कॅन केलेली चित्रंच. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेण्याचं काम, केलेलं नसेल तर त्यात एकही शब्द शोधता येत नाही. तेव्हा मराठीत टाकल्यावर ‘काही मिळालं नाही’ असं येतं, त्यावरून एवढंच समजायचं की त्या नोंदीत तो शब्द नाही.

आता तुमच्या प्रबंधाबद्दल. मी तुमच्या जागी असते तर आज संगणक बंद करून एक छापील ग्रंथ काढला असता. भारतातल्या शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांची सर्वेक्षणं एम. बी. बुच यांनी संपादित केली आहेत. तिसरं १९७८ ते १९८३ या काळाचं, चौथं १९८३ ते १९८८ चं. ही दोन्ही एनसीईआरटीने काढली. त्यात प्रत्येक प्रबंधाचा थोडक्यात सारांश आणि डोक्यावर संशोधकाचं नाव, शीर्षक, पदवी, विद्यापीठ, साल असं सगळं असतं. तुमच्या तळटीपेत जे जे नाही, नेमकं ते. जुन्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हे खंड बहुधा असतातच, फक्त गेली कित्येक वर्षं कुणी मागितलेले नसतात. संशोधकांची नावं असलेली सूची पाहा, दहा मिनिटांत कळेल. तिथे नसेल तर भारतीय विद्यापीठ संघाचं ‘युनिव्हर्सिटी न्यूज’ हे साप्ताहिक चाळा, त्यात पदवी मिळालेल्या प्रबंधांच्या याद्या छापून येतात.

विद्यापीठ कळलं की पुन्हा ऑनलाइन या. मात्र संशोधकाच्या नावाने शोधू नका, मार्गदर्शकाच्या नावाने शोधा. एकाच मार्गदर्शकाचे विद्यार्थी एकमेकांचे प्रबंध हमखास वाचतात. नंतरच्या विद्यार्थ्याच्या ‘संबंधित साहित्याचा आढावा’ या प्रकरणात आधीच्याचं पूर्ण शीर्षक, पानांचे क्रमांक आणि कधीकधी परिशिष्टाची नक्कलसुद्धा मिळते. प्रबंधांचा खरा नकाशा त्या दुसऱ्या प्रकरणात असतो.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, तसं मुळीच धरू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.ची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं ते २००९ च्या नियमांनी. त्याआधीचे प्रबंध कुणी मुद्दाम स्कॅन करून चढवले तरच ऑनलाइन येतात, नाहीतर कपाटात असतात. एकदा एक संशोधक दीड वर्ष इंटरनेटवर एक प्रबंध शोधून शेवटी आमच्याकडे आले. तो माझ्या खुर्चीपासून चार कपाटं पलीकडे होता. त्यांनी त्याच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली.

शेवटचंपान

दाखलनोंद यांचं वाचून मी माझ्या याद्या पुन्हा काढल्या. थोडी भर घालतो, प्रबंध भारताबाहेरचा निघाला तर उपयोगी पडेल.

त्या तळटीपेत ‘यूएमआय’ आणि पुढे आकडे आहेत का, किंवा ‘डिझर्टेशन ॲब्स्ट्रॅक्ट्स इंटरनॅशनल’चा खंड-क्रमांक? असेल तर तो बहुधा अमेरिकेतला प्रबंध. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला १९३८ मध्ये युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स सुरू झाली, तीच आजची प्रोक्वेस्ट, प्रबंधांचा मोठा सशुल्क संग्रह. त्या आकड्याने तिथे थेट सापडतं. पैसे मोजावे लागतात, पण विद्यापीठाचं सदस्यत्व असेल तर आतून फुकट दिसतं, म्हणून आधी ग्रंथपालांना विचारा.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. अमेरिकेत पीएच.डी.च्या प्रबंधाला ‘डिझर्टेशन’ म्हणतात आणि एम.ए.च्या प्रबंधाला ‘थीसिस’. ब्रिटनमध्ये नेमकं उलटं. गाळणीत एकच शब्द निवडला की अर्धे प्रबंध गळून जातात. मी वर्षभर असंच शोधत होतो.

मोफत शोधायला ओएटीडी आणि एनडीएलटीडीचा जागतिक शोध आहे. पण ही ठिकाणं इतर संग्रहांतून मुख्यतः नोंदी गोळा करतात, पूर्ण मजकूर नाही. तिथे लांब वाक्य टाकू नका, दोन-तीन मोठे शब्द पुरेत. ब्रिटनसाठी ब्रिटिश लायब्ररीचं इथॉस हे प्रबंधांचं संकेतस्थळ होतं. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर ते दीर्घकाळ बंद राहिलं आणि माझ्या जतन केलेल्या खुणा एका रात्रीत निरुपयोगी झाल्या. तेव्हापासून मी प्रत्येक प्रबंधाच्या नोंदीसमोर त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या संग्रहाचा पत्ताही लिहून ठेवतो.

सहाठिपके

दाखलनोंद ताई, सापडला!

चौथं सर्वेक्षण आमच्या महाविद्यालयातच होतं, सर्वात खालच्या फळीवर. आडनावावरून नोंद मिळाली. शीर्षकात तुम्ही म्हणालात तोच ‘व्हिज्युअली हँडिकॅप्ड’ शब्द, आणि ‘ब्रेल’ शीर्षकात नाहीच. पहाटवाचक, तुमच्या युक्तीने ते सुटं प्रकरण दोही उघडलं. ते त्याच विषयावरच्या, बऱ्याच नंतरच्या प्रबंधातलं निघालं आणि त्याच्या संदर्भसूचीत मी शोधत होते तो प्रबंध पूर्ण तपशिलासह आहे.

मग त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या संग्रहात मार्गदर्शकांच्या नावाने शोधलं. संशोधकाच्या आडनावात एक अक्षर चुकलेलं होतं, म्हणून इतके दिवस दिसत नव्हता. पूर्ण स्कॅन आहे. परिशिष्टाची फाइल उघडताना हात थरथरत होता.

उताऱ्यांची अकरा पानं कोरी आहेत. वर पानांचे क्रमांक आहेत, उताऱ्यांचे क्रमांक आहेत आणि खाली पांढरं. पाच मिनिटं मला काही कळेना. मग लक्षात आलं की उतारे शाईने छापलेलेच नाहीत. संशोधकाने मुलांना दिलेली ब्रेलची पानंच तशीच बांधणीत घातली आहेत, आणि स्कॅनरला उठाव दिसला नाही.

दाखलनोंद

तुमचा निरोप दोनदा वाचला. मी असं कधी पाहिलं नव्हतं.

प्रत कपाटात असेल तर ते ठिपकेही तिथेच आहेत. ग्रंथपालांच्या नावाने पत्र लिहा. प्रबंधाचं पूर्ण शीर्षक, साल, संग्रहातला हँडलचा पत्ता आणि नेमके पानांचे क्रमांक द्या. ‘परिशिष्ट पाठवा’ एवढंच लिहाल तर तीच कोरी पानं पुन्हा येतील. स्पष्ट लिहा की पानांवर उठावाचा मजकूर आहे, खोली अंधारी करून एका बाजूने, पानाला जवळजवळ समांतर असा दिवा धरून फोटो काढावेत. सावल्या पडल्या की ठिपके दिसतात. तुमच्या मार्गदर्शकांचं शिफारसपत्र सोबत जोडा, त्याने काम लवकर होतं.

पण जमत असेल तर स्वतःच जा. इतकी वर्षं जाड खंडात दाबून राहिलेलं पान आहे, काही ठिपके बसले असतील. ते फोटोत येणार नाहीत, बोटाला कदाचित कळतील. आणि संग्रह सांभाळणाऱ्यांना चुकलेलं आडनाव आणि ही कोरी पानं, दोन्ही लेखी कळवा. नोंदीत ‘परिशिष्टात ब्रेल मजकूर’ एवढे तीन शब्द वाढले तरी पुढच्याला मिळेल.

सहाठिपके

फोन केला होता. प्रत आहे, वाचनकक्षात बसून पाहायची परवानगी मिळाली. पुढच्या शनिवारी जाते आहे. माझी एक माजी विद्यार्थिनी, आता बी.एड. करते, सोबत येणार आहे. ब्रेल तिची बोटं माझ्यापेक्षा कितीतरी लवकर वाचतात. ती वाचेल, मी उतरवून घेईन.