प्रति: प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी ब्रँच?
गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, कायम ठेवावी, ही या चर्चेतील सूचना मला पटत नाही. रत्नागिरीत आम्ही आंबा व्यापाऱ्यांसाठी पावत्यांची प्रणाली करतो आणि सुरुवातीला देवगड, राजापूर, गुहागर अशा ग्राहकांच्या गावांवरूनच ब्रँच काढल्या होत्या. परिणामी पेटीऐवजी डझनावर दर लावताना होणारी एक चूक दुरुस्त केल्यावर तीच कमिट (नोंदवलेला बदल) चेरी-पिक करून, म्हणजे तेवढीच उचलून, तिन्हीकडे न्यावी लागली, गुहागरची राहून गेली आणि ऐन एप्रिलमध्ये, हंगाम भरात असताना, तिथल्या पावत्या चुकल्या. आता मुख्य ब्रँच एकच आहे आणि ग्राहकागणिक असलेले फरक सेटिंगच्या फाइलीत आहेत.

नावांविषयीची एक अडचण मात्र चर्चेत आलेली दिसत नाही. ब्रँचच्या नावातील तिरपी रेघ गिट फोल्डरसारखी हाताळते, त्यामुळे ‘देवगड’ नावाची ब्रँच असेपर्यंत ‘देवगड/पावती’ ही ब्रँच तयारच होत नाही. आमची अर्धी दुपार यात गेली. म्हणून ‘दुरुस्ती/’, ‘सुविधा/’ असे उपसर्ग पहिल्या दिवशीच ठरवावेत आणि मुख्य ब्रँचमध्ये मर्ज (विलीन) झालेली ब्रँच निःशंकपणे काढून टाकावी. ब्रँच ही कमिटकडे बोट दाखवणारी केवळ खूण असल्याने इतिहास मुख्य ब्रँचमध्ये शाबूत राहतो.