शब्दचर्चा: ‘मियाको ओदोरी’विषयी लिहिताना ‘कलावंतीण’ चालेल का?

प्रश्न: क्योतोच्या गिओन कोबु भागात दर एप्रिलमध्ये होणाऱ्या ‘मियाको ओदोरी’वर लेख लिहिते आहे. गेइशांचा हा नाचाचा जाहीर कार्यक्रम, तिकीट काढून कुणालाही बघता येतो. ‘गेइशा’साठी ‘कलावंतीण’ लिहू का? ‘गेइ’ म्हणजे कला, ‘शा’ म्हणजे व्यक्ती. अर्थ तर जुळतो.

उत्तर: अर्थ जुळला तरी कृपया नको. मराठीत ‘कलावंतीण’ला कलेपेक्षा बदनामीच जास्त चिकटली, आणि गेइशांच्या वाट्याला तोच गैरसमज आधीपासून आलेला आहे. आपण त्यात भर का घालावी? क्योतोत ‘गेइको’ म्हणतात, शिकाऊ मुलींना ‘माइको’. लेख क्योतोचा आहे, तेव्हा हेच शब्द ठेवा.

‘ओदोरी’कडे मात्र नीट बघा. जपानीत नाचाला दोन शब्द आहेत. ‘माइ’ संथ असते; पाय जमिनीलगत सरकतात, अंग वळत राहते. ‘ओदोरी’त पाय उचलतात, ठेका धरतात. गिओन कोबुत इनोउए घराण्याची शैली शिकवतात, ती ‘क्योमाइ’, म्हणजे माइच. मग नावात ओदोरी कशी? राजधानी तोक्योला गेल्यावर खचलेल्या क्योतोला सावरायला १८७२ मध्ये प्रदर्शन भरले, त्यात हा कार्यक्रम सुरू झाला. माइ ही मुळात छोट्या बैठकीतली कला. इनोउए घराण्याच्या तिसऱ्या प्रमुख इनोउए याचियो यांनी जपानमधल्याच इसे भागातल्या समूहनाचावरून रांगेने नाचणाऱ्या अनेक जणींची रचना बसवली. आपल्याकडे बैठकीची लावणी आणि फडावरची लावणी यांत जे अंतर, तसेच काहीसे हे. मला वाटते, या बाईंचे काम लेखात यायलाच हवे.

दुसरे उत्तर: सहमत. हा कार्यक्रम जिथे होतो त्या ‘काबुरेंजो’चेही नुसते ‘नाट्यगृह’ करू नका. गाण्या-नाचाच्या तालमीची जागा असा त्याचा अर्थ आहे. सुरुवातीची ‘मियाको ओदोरी वाऽ’ ही हाक आणि त्यावरचे ‘योऽइ यासा’ हे उत्तर जसेच्या तसे द्या, वाचकाच्या कानात ते बसते. आणि ‘मियाको ओदोरी नृत्य’ ही द्विरुक्ती टाळा.

प्रश्नकर्ती: आभार. गेइको, माइको ठेवते. तो ओदोरी की ती?

उत्तर: ती. ईकारान्त असल्याने मराठीत स्त्रीलिंगच सहज वाटते. मे महिन्यातली, क्योतोच्याच पोंतोचो भागातली ‘कामोगावा ओदोरी’सुद्धा तशीच.